प्रवाळे तात्पुरत्या टाकीत हलवताना: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

घर बदलायचे असते, टाकीची शिवण गळू लागलेली असते, तळाची जुनी वाळू काढायची असते किंवा जमिनीच्या दुरुस्तीसाठी खोली रिकामी करून द्यायची असते. कारण कोणतेही असो, खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणाऱ्या बहुतेकांवर प्रवाळांना काही आठवडे दुसरीकडे ठेवण्याची वेळ कधी ना कधी येतेच. न्यू जर्सीत एका भाड्याच्या घरातून दुसऱ्यात जाताना मी स्वतः या खटाटोपातून गेलो आहे आणि त्यानंतर ओळखीच्या काही मराठी कुटुंबांच्या टाक्या हलवतानाही हातभार लावला आहे. त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे: तात्पुरती टाकी आदर्श असण्यापेक्षा जुन्या टाकीसारखी असणे कितीतरी महत्त्वाचे असते. प्रवाळ सवयीच्या, थोड्याशा सदोष पाण्यातही तग धरते. मात्र एका दिवसात पाणी, प्रकाश आणि प्रवाह हे तिन्ही बदलले, तर उत्तम पाण्यातही ते मान टाकते. पुढच्या सगळ्या सूचना याच मताला धरून आहेत.

१. आधी कायदा आणि भाडेकरार पाहा

महाराष्ट्र आणि गोव्यातील वाचकांनी पुढे जाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतात सर्व दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत. ती समुद्रातून काढणे, विकणे किंवा परवानगीवाचून घरी बाळगणे हा गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्यावर ओहोटीला उघडे पडलेले प्रवाळ कितीही लहान असले तरी ते उचलू नये. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० साली वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळे हलवावी लागली, तेव्हा महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली होती आणि ते काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी केले. त्यामुळे हा लेख प्रामुख्याने अशा देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे, जिथे रोपवाटिकेत वाढवलेली प्रवाळे कायदेशीररीत्या विकत मिळतात.

तिथेही देशाबाहेर प्रवाळे नेण्याचा विचार करू नये. दगडी प्रवाळांचा समावेश साइट्स कराराच्या, म्हणजे संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि परवान्यांशिवाय ती सीमा ओलांडू शकत नाहीत. अमेरिकेत राज्य बदलणार असाल, तर नव्या राज्याचे नियम आधी वाचावेत. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात कॉलेर्पा नावाचे शैवाल बाळगणे बेकायदा आहे, आणि हे शैवाल खडकाला चिकटून नकळत सोबत येते. खरेदीच्या पावत्या, विक्रेत्याचा ईमेल आणि प्रत्येक प्रवाळाचे छायाचित्र एका ठिकाणी जपून ठेवावे. भाडेकरारात टाकीच्या आकारावर मर्यादा आहे का, हेही पाहावे. एक लिटर समुद्री पाण्याचे वजन किलोपेक्षा थोडे जास्तच भरते, त्यामुळे दीडशे लिटरची टाकी, खडक आणि स्टँड मिळून लाकडी जमिनीवर बराच भार पडतो.

२. जुन्या टाकीची नोंद करा

हलवण्याच्या निदान दोन आठवडे आधी जुन्या टाकीची मोजमापे घ्यायला सुरुवात करावी. तापमान, खारटपणा, अल्कलिनिटी (पाण्याची आम्लता रोखून धरण्याची क्षमता), कॅल्शियम, मॅग्नेशियम, नायट्रेट आणि फॉस्फेट हे सात आकडे दिवसाच्या एकाच वेळी, एकाच संचाने मोजून लिहून ठेवावेत. प्रवाळांसाठी साधारण मान्य पातळी अशी असते: तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस, म्हणजे ७७ ते ७९ फॅरनहाइट, खारटपणा हजारी ३५ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, म्हणजे दशलक्षात तितके भाग. तुमचे आकडे यांपासून थोडे वेगळे असतील तर ते सुधारण्याचा मोह या पंधरवड्यात आवरावा. तुमची टाकी वर्षभर हजारी ३३ भागांवर चालली असेल, तर तात्पुरती टाकीही ३३ वरच सुरू करावी आणि सुधारणा प्रवाळे नव्या जागी रुळल्यावर, हळूहळू करावी.

खारटपणा मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावा. साध्या शुद्ध पाण्याने शून्य जुळवले, तरी ३५ च्या आसपास तो चुकू शकतो.

याच काळात टाकीची समोरून आणि वरून छायाचित्रे काढावीत. कोणते प्रवाळ किती खोलीवर आहे, पॉवरहेड, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणारा छोटा पंप, कोणत्या दिशेला आहे, दिव्याची तीव्रता किती टक्क्यांवर आहे, हे सारे पुढे लागणार असते. पार मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश मोजणारे उपकरण) भाड्याने किंवा उसना मिळाला, तर प्रत्येक प्रवाळाजवळचा प्रकाश मोजून ठेवावा. एवढ्या एका नोंदीने पुढची बरीच डोकेदुखी टळते.

३. भांडे निवडा

दोन-तीन दिवसांचाच प्रश्न असेल, तर अन्नासाठी सुरक्षित प्लॅस्टिकचे, ३२ किंवा ४४ गॅलनचे, म्हणजे अंदाजे १२० किंवा १६५ लिटरचे पिंप चालते. त्याहून अधिक काळ लागणार असेल, तर पिंप सोयीचे नाही, कारण ते खोल आणि अरुंद असते, तळापर्यंत प्रकाश नीट पोहोचत नाही आणि प्रवाळ वरून वाकून पाहावे लागते. अशा वेळी ४० गॅलनची ब्रीडर टाकी मला सर्वांत योग्य वाटते. ती ३६ इंच लांब, १८ इंच रुंद आणि १६ इंच उंच असते. तळ पसरट असल्याने प्रवाळांत अंतर राखता येते आणि जुनी बाजारात स्वस्तही मिळते. जनावरांना पाणी पाजण्याचा प्लॅस्टिकचा पसरट टबही चांगला, फक्त त्याला बाजूने काच नसते. कपडे ठेवायचे पातळ प्लॅस्टिकचे खोके मात्र टाळावेत. पाणी भरताच त्यांच्या भिंती फुगतात आणि कधीतरी फाटतात.

जुनी टाकी घेताना विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा: यात माशांसाठी तांब्याचे औषध कधी वापरले होते का? उत्तर गुळमुळीत आले, तर ती टाकी घेऊ नये. तांब्याचा अंश प्रवाळांना आणि गोगलगायींना घातक असतो. काच नव्याने चिकटवली असेल, तर सिलिकॉन पूर्ण वाळू द्यावे आणि नंतर टाकी साध्या पाण्याने भरून दोन दिवस गळती तपासावी.

आता मुदतीबद्दल. ठेकेदार सांगतो त्याच्या दुप्पट वेळ लागेल असे धरून तयारी करावी. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडा कीज परिसरातील समुद्र अतिशय तापला, तेव्हा समुद्रातील रोपवाटिकांमधली प्रवाळे काढून लाँग की येथील कीज मरीन लॅबोरेटरीसारख्या ठिकाणी जमिनीवरच्या टाक्यांत आणली गेली. ती परत समुद्रात गेली ती पाणी निवल्यावर, म्हणजे काही महिन्यांनी. त्यांच्याकडे वाहते समुद्री पाणी आणि प्रशिक्षित माणसे होती. आपल्याकडे एक हीटर आणि एक पॉवरहेड असतो. म्हणून निदान हीटर तरी दोन ठेवावेत.

४. साहित्य जमवा

- तात्पुरती टाकी, तिला जाळीचे झाकण, आणि भार पेलणारी सपाट जागा
- दोन लहान हीटर आणि शक्य असल्यास स्वतंत्र तापमान नियंत्रक. गरम खोलीत एकूण क्षमता लिटरमागे साधारण एक वॉट, थंड तळघरात त्याच्या दुप्पट
- पॉवरहेड, एक जादा पॉवरहेड, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप
- मंद करता येणारा दिवा, तसेच खिडकीला लावतात तसे फायबरग्लासच्या जाळीचे कापड
- आर.ओ.डी.आय. पाणी, म्हणजे गाळून क्षार काढलेले शुद्ध पाणी, आणि तुम्ही नेहमी वापरता त्याच ब्रँडचे मीठ
- ॲक्टिव्हेटेड कार्बन, स्पंज, अमोनिया तपासण्याचा संच
- झाकणाच्या बादल्या, थर्मोकोलचा जाड डबा, पिशव्या, रबरबँड
- नायट्राइलचे हातमोजे आणि डोळे झाकणारा चष्मा

विजेच्या जोडणीसाठी पाण्याजवळ वापरायचे सुरक्षित सॉकेट असावे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकते.

५. पाणी तयार करा

नळाचे पाणी थेट वापरू नये. अमेरिकेत अनेक शहरांच्या पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असते. ते उघडे ठेवून उडून जात नाही आणि साध्या कार्बन गाळणीतून अंशतः निसटते. गाळलेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्य यायला हवा.

मीठ हलवण्याच्या आदल्या दिवशी मिसळावे, पंप लावून रात्रभर फिरत ठेवावे आणि हीटरने जुन्या टाकीच्या तापमानाला आणावे. मीठ पाण्यात घालायचे, मिठावर पाणी ओतायचे नाही. नाहीतर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि अल्कलिनिटी घसरते.

नवखे लोक जिथे हमखास फसतात ती जागा इथेच आहे. काही ब्रँडचे मीठ ७ ते ८ डीकेएचचे पाणी देते, तर काहींचे ११ ते १२ चे. जुनी टाकी ८ वर असेल आणि तात्पुरती टाकी नव्या मिठाने ११ वर सुरू झाली, तर अक्रोपोरासारख्या नाजूक प्रवाळाची वाढती टोके जळाल्यासारखी पांढरी पडतात. पाणी स्वच्छ असते, अमोनिया शून्य असतो आणि मालकाला कारण सापडत नाही. म्हणून तयार झालेल्या पाण्याची अल्कलिनिटी मोजल्याशिवाय त्यात प्रवाळ सोडू नये. जुन्या आणि नव्या पाण्यात एका डीकेएचपेक्षा जास्त फरक नको.

शक्यतो निम्मे पाणी जुन्या टाकीतलेच घ्यावे. जुन्या पाण्यात उपयुक्त जिवाणू फारसे नसतात, ते खडकावर आणि स्पंजावर राहतात. जुने पाणी घ्यायचे ते त्याचे गुणधर्म प्रवाळांच्या सवयीचे असतात म्हणून. हे पाणी टाकीला हात लावण्याआधी, वरच्या थरातून सायफनने काढून ठेवावे. एकदा खडक हलले की ते गढूळ होते.

६. खडक घ्या, वाळू घेऊ नका

विषारी अमोनियाचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करणारे जिवाणू जिवंत खडकात, म्हणजे टाकीतल्या जीव वसलेल्या सच्छिद्र खडकात असतात. त्यामुळे तात्पुरत्या टाकीत पुरेसा जुना खडक जायलाच हवा, आणि तो सतत ओला राहायला हवा. हवेत उघडा पडलेला खडक वाळला, की त्यातले स्पंज, किडे आणि जिवाणू मरतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमोनिया वर चढतो. जुन्या फिल्टरचा स्पंज धुऊन स्वच्छ करण्याची ही वेळ नाही. तो तसाच उचलून नव्या टाकीत लावावा.

वाळूचे उलट आहे. जुन्या वाळूच्या खालच्या थरात प्राणवायू नसतो. तिथे वर्षानुवर्षांची घाण आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. वाळू ढवळताना कुजक्या अंड्यासारखा वास आला, तर ती सरळ टाकून द्यावी. तात्पुरत्या टाकीचा तळ उघडाच ठेवावा. दिसायला तो ओकाबोका दिसतो, पण सायफनने एका मिनिटात साफ होतो आणि प्रवाळाच्या गळालेल्या कातडीचा तुकडा लगेच नजरेस पडतो.

७. काढण्याचा क्रम पाळा

हलवण्याच्या दिवशी आधी स्वच्छ पाणी काढावे, मग प्रवाळे, मग खडक. मासे त्यानंतर पकडावेत, कारण खडक निघाल्यावर आणि पाणी वीतभर उरल्यावर ते सहज जाळीत येतात. वाळूला सर्वांत शेवटी हात लावावा. मासे शक्य असेल तर वेगळ्या भांड्यात ठेवावेत. लहान टाकीतल्या अमोनियाचा मोठा वाटा माशांचाच असतो.

तात्पुरती टाकी आदल्या दिवसापासून चालू असली पाहिजे. प्रवाळ हातात असताना हीटरची वायर शोधत बसू नये.

८. प्रत्येक प्रकाराला त्याच्या रीतीने हाताळा

सर्व प्रवाळांना एकच नियम लावता येत नाही. नुकसान होते ते बहुधा प्रवासात नव्हे, तर पाण्यातून उचलण्याच्या त्या दोन सेकंदांत.

टॉर्च, हॅमर आणि फ्रॉगस्पॉन ही मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे प्रवाळ घडवणारा एकेक जीव) दगडी प्रवाळे फुललेली असताना उचलू नयेत. त्यांच्या मांसल भागात पाणी भरलेले असते, आणि खाली सांगाड्याची कड धारदार असते. पाण्याबाहेर येताच ते वजन त्या कडेवर लोंबते आणि मांस फाटते. त्यासाठी दिवे बंद करावेत आणि पाण्यातच प्रवाळासमोर हाताने हलकी लाट द्यावी. टॉर्चची लांब बोटे प्रथम टोकाशी आखडतात, मग मुळाशी गोळा होतात, आणि थोड्या वेळाने सांगाड्याच्या वाटीत फक्त एक जाडसर, सुरकुतलेली किनार उरते. त्या स्थितीला आल्यावरच खालच्या दगडाला धरून उचलावे. बोटांनी मांसाला स्पर्श करू नये. बबल कोरल आणि गोनिओपोरा यांनाही हेच लागू आहे. शक्य असल्यास ही सारी पाण्याखालीच पिशवीत किंवा डब्यात घ्यावीत, म्हणजे हवेत आणण्याचा प्रश्नच उरत नाही.

अक्रोपोरा, मॉन्टिपोरा यांसारखी लहान पॉलिपची प्रवाळे हवेत काही मिनिटे सहज सोसतात. निसर्गात ओहोटीला ती उघडी पडतातच. त्यांच्या अंगातून बुळबुळीत स्राव सुटतो, तो दिसला म्हणून घाबरू नये. त्यांच्या फांद्या मात्र नाजूक असतात. लहान फ्रॅग, म्हणजे मोठ्या प्रवाळापासून कापलेले तुकडे, असतील, तर त्यांचे बूड थर्मोकोलच्या तुकड्यात खोचून किंवा रबरबँडने बांधून पिशवीत उलटे तरंगते ठेवावेत. असे लटकलेले प्रवाळ पिशवीला घासत नाही.

सारकोफायटॉन, सिन्युलारिया ही चामड्यासारखी मऊ प्रवाळे चिवट असतात, पण छेडल्यावर पाण्यात रसायने सोडतात आणि लहान टाकीत त्यांचा त्रास शेजारच्या दगडी प्रवाळांना होतो. ती रसायने शोषून घेण्यासाठीच यादीत ॲक्टिव्हेटेड कार्बन आहे. सारकोफायटॉन हलवल्यानंतर काही दिवस मिटून बसते आणि अंगावर मेणासारखा चकचकीत पापुद्रा धरते. ते मेले असे समजून फेकू नये. प्रवाह थोडा वाढवला की पापुद्रा निघून जातो.

झोअँथिड आणि पॅलिथोआ यांच्याबाबत सूचना प्रवाळासाठी नसून तुमच्यासाठी आहे. त्यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते. ती हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा, हाताला जखम असेल तर त्या दिवशी ते काम दुसऱ्याकडे द्यावे. ती वाढलेला खडक कधीही उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये आणि कोरडा घासू नये. वाफेतून आणि तुषारांतून हे विष श्वासात जाऊन संपूर्ण कुटुंबे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. तोंडात धातूसारखी चव, ताप, खोकला, धाप किंवा डोळ्यांची आग जाणवली, तर घराबाहेर मोकळ्या हवेत यावे, तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगावा. मुले आणि पाळीव प्राणी त्या दिवशी या खोलीपासून दूर असलेले बरे.

समुद्रफूल (सी ॲनिमोन) असेल, तर त्याचा पाय खडकावरून ओरबाडून काढू नये. तो खडकच सोबत न्यावा.

९. गाडीतला प्रवास

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचे असेल, तर हा भाग सोडून द्यावा. रस्त्याने जायचे असेल, तर बादल्या आणि पिशव्या थर्मोकोलच्या डब्यात ठेवाव्यात, गाडी आधी गरम किंवा गार करून घ्यावी आणि वाटेत कुठे थांबू नये. हिवाळ्यात उष्णतेची पाकिटे वापरली, तर ती डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावीत. पिशवीला थेट टेकली, तर एका बाजूचे पाणी तापते. पिशवीत पाणी प्रवाळ पूर्ण बुडेल एवढे भरावे आणि वरची जागा हवेसाठी सोडावी. दोन तासांहून लांबचा प्रवास असेल, तर खडकाच्या बादल्यांत बॅटरीचा हवापंप सोडावा. सामानाच्या ट्रकमध्ये प्रवाळे चढवू नयेत, ती तुमच्या गाडीतच असावीत.

पोहोचल्यावर पिशव्या नव्या पाण्यावर वीस-तीस मिनिटे तरंगत ठेवाव्यात. खारटपणा जुळत असेल, तर तासन्तास थेंब-थेंब पाणी घालत बसण्याची गरज नाही. उलट तेवढ्या वेळात बादलीतले पाणी गार होत जाते.

१०. मांडणी, प्रकाश आणि प्रवाह

तात्पुरती टाकी बहुधा जुनीपेक्षा उथळ असते. जुन्या टाकीत दोन फूट पाण्याखाली असलेले प्रवाळ आता एक फुटावर येते, आणि दिवा तोच, त्याच टक्क्यांवर लावला, की त्याला अचानक कितीतरी जास्त प्रकाश मिळतो. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सहजीवी शैवाल त्याला अन्न पुरवते. जास्त प्रकाशाचा किंवा उष्णतेचा ताण आला की हे नाते तुटते, प्रवाळ शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. म्हणून पहिल्या दिवशी दिवा नेहमीच्या निम्म्या तीव्रतेवर आणि सहा तासच लावावा. दिवा मंद करता येत नसेल, तर टाकीवर फायबरग्लासच्या जाळीचे दोन-तीन थर टाकावेत आणि दर चार-पाच दिवसांनी एकेक थर काढावा. पार मीटर हाताशी असेल, तर मऊ प्रवाळांसाठी साधारण ५० ते १००, मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांसाठी ८० ते १५० आणि अक्रोपोरासाठी २०० च्या पुढे, असा ढोबळ हिशेब धरावा. पण तुमच्या जुन्या टाकीतली नोंद असेल, तर तीच खरी. चुकायचेच असेल, तर प्रकाश कमी ठेवून चुकावे. कमी प्रकाशात प्रवाळ तपकिरी होते आणि पुन्हा रंग धरते, पण जास्त प्रकाशाने पांढरे पडलेले प्रवाळ सावरेलच असे नाही.

दाटीवाटीचा धोका रात्री दिसतो. गॅलॅक्सिया आणि टॉर्च यांसारखी प्रवाळे अंधारात लांब दंशक तंतू सोडून आजूबाजूची जागा चाचपतात. गॅलॅक्सियाला चारही बाजूंनी वीतभर तरी जागा सोडावी, आणि प्रवाहाच्या दिशेला त्याहूनही जास्त. टॉर्चला हॅमरच्या शेजारी ठेवू नये. दोघे नातलग दिसले, तरी टॉर्च हॅमरला डसतो.

पॉवरहेडचा झोत थेट प्रवाळावर मारू नये. तो समोरच्या काचेवर आपटून परतू द्यावा. टॉर्चची बोटे संथ डोलत असावीत. ती एकाच बाजूला ताठ वळली असतील, तर प्रवाह जास्त आहे. पाण्याचा पृष्ठभाग सतत ढवळला पाहिजे, कारण प्राणवायूची देवघेव तिथेच होते. समुद्रफूल सोबत असेल, तर पॉवरहेडच्या तोंडाला जाळी लावावी. नवी जागा शोधत ते रात्रीत फिरते.

११. रोजची देखरेख

पाण्याची पातळी टेपने काचेवर खूण करून ठेवावी. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून घटलेली पातळी गोड्या आर.ओ. पाण्यानेच भरावी, खाऱ्या पाण्याने नाही. हिवाळ्यात घर तापवल्यावर हवा कोरडी होते, आणि चाळीस गॅलनच्या टाकीतूनही रोज डोळ्यांना जाणवेल एवढे पाणी उडते. आपोआप पाणी भरणारे यंत्र लावले तर उत्तमच.

पहिला आठवडा अमोनिया रोज मोजावा. तो ०.२५ पीपीएमला पोहोचला, तर त्याच दिवशी चौथा हिस्सा पाणी बदलावे. त्यासाठी जुळते पाणी तयार पिंपात नेहमी असावे. अल्कलिनिटी एक दिवसाआड पाहावी, कारण दगडी प्रवाळे ती वापरतात आणि लहान टाकीत साठा कमी असतो. खाणे नेहमीच्या निम्मे द्यावे, पहिले तीन दिवस प्रवाळांना काहीच दिले नाही तरी चालते. कार्बन आठवड्याने बदलावा.

दुसऱ्या आठवड्यात माणूस सैलावतो. पहिल्या आठवड्यात सगळे ठीक चालले की तपासणी थांबते, आणि अनेक प्रवाळे त्यानंतरच जातात. कॅलेंडरवर आठवण लावून ठेवावी.

१२. काय दिसले तर काय करावे

मिटून बसणे, रंग थोडा फिका पडणे, स्राव सुटणे, हे पहिले काही दिवस स्वाभाविक आहे. त्या काळात प्रवाळ उचलून जागा बदलत राहू नये. जागा एकदा ठरवली की दहा दिवस तरी तिथेच राहू द्यावे.

टॉर्च किंवा हॅमरवर तपकिरी, जेलीसारखा, दुर्गंधी पदार्थ दिसला, तर मात्र क्षणभरही थांबू नये. ही जेली झपाट्याने पसरते. पॉवरहेड बंद करावा, जेली सायफनने ओढून घ्यावी, बाधित डोके, म्हणजे तो पॉलिप, निरोगी भागापासून हाडे कापण्याच्या कात्रीने वेगळे करावे आणि उरलेल्या भागाला आयोडीनच्या पातळ द्रावणात, बाटलीवरील प्रमाणानुसार, थोडा वेळ बुडवून वेगळ्या भांड्यात ठेवावे. अक्रोपोराची कातडी बुडापासून सोलत वर चढत असेल, तर निरोगी टोके कापून फ्रॅग करावेत. मूळ फांदी वाचवण्याच्या नादात टोकेही हातची जातात. दोन्ही प्रसंगी अल्कलिनिटी आणि तापमान लगेच मोजावे. कारण बहुधा त्या दोनांपैकी एकात सापडते.

१३. मुख्य टाकीत परत नेताना

पायऱ्या त्याच, दिशा उलटी. फरक एवढाच, की आता जुळवायचे आकडे तात्पुरत्या टाकीचे असतात, कारण प्रवाळांना आता तिची सवय झालेली असते. मुख्य टाकीत नवा खडक किंवा नवी वाळू घातली असेल, तर तिचे जैविक चक्र बसेपर्यंत, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट शून्य येऊन तसेच टिकेपर्यंत, प्रवाळे नेऊ नयेत. आधी एखादे चिवट मऊ प्रवाळ सोडावे, आठवडाभर पाहावे, मग मोठ्या पॉलिपची आणि शेवटी अक्रोपोरा. दिवा पुन्हा निम्म्यापासून सुरू करावा.

शेवटचे प्रवाळ गेल्यावरही तात्पुरती टाकी आठवडाभर चालू ठेवावी. मुख्य टाकीत काही बिघडले, तर परतायला जागा असते. त्यानंतर पाणी काढून पंप आणि हीटर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात चालवून चुना उतरवावा, गोड्या पाण्याने धुवावेत आणि वाळवून खोक्यात भरून वर लेबल लावावे.